पारणं नसलेला उपवास : तरुणांच्या आहारविकारांवर उपचार, आणि ते कुणापर्यंत पोचले

मागच्या व्याख्यानात आपण ‘वेड’ ही कल्पना युरोपात कशी बदलत गेली ते पाहिलं. आज त्यातलाच एक लहान कोपरा घेऊ. विषय आहे तरुण मुलामुलींमधले आहाराचे विकार, ज्यांना आता मराठीतही सर्रास ‘ईटिंग डिसऑर्डर’ म्हणतात, आणि त्यांच्यावरच्या उपचारांचा इतिहास. प्रश्न साधा आहे. हे विकार असलेल्या तरुणांपैकी किती जणांना उपचार मिळतात? एक आकडा सांगितला की काम झालं, असं वाटेल. पण आजाराला नाव मिळाल्यानंतर हा आकडा हाती यायला शंभराहून जास्त वर्षं गेली, आणि आला तेव्हा तो फारच लहान निघाला. तो इतका लहान का, हे समजायचं तर इतिहासात शिरावं लागतं.

आधी एक खुलासा. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. आम्ही डॉक्टर नव्हे. अमक्याला काय झालंय, हे सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण ‘आजार कशाला म्हणायचं’ आणि ‘माणूस स्वतःच्या इच्छेने वागतो म्हणजे काय’ हे दोन प्रश्न तत्त्वज्ञानाच्या घरचे आहेत, आणि या विषयात ते दोन्ही अगदी जेवणाच्या ताटात येऊन पडतात. म्हणून हे धाडस.

शब्दांपासून सुरुवात करू. या विकारांतला सर्वांत जुना आणि सर्वांत जिवावर बेतणारा म्हणजे ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’. ‘ॲनोरेक्सिया’ या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ भूक नसणं. आपल्या आयुर्वेदात ‘अरोचक’ नावाचा विकार सांगितला आहे. अन्नाची चव जाते, घास आत जात नाही. आणि शोक, भय, क्रोध ही त्याची मानसिक कारणंही तिथे दिली आहेत. पण आपण ज्या आजाराबद्दल बोलतो आहोत, तो अरोचक नव्हे. कारण यात भूक बहुतेक वेळा मेलेली नसते. ती लागते, छळते, आणि माणूस तिच्याशी झुंजत राहतो. म्हणजे नावच चुकीचं पडलं. दुसरा विकार बुलिमिया, ज्यात ताबा सुटून खूप खाणं होतं आणि मग ते ‘भरून काढण्यासाठी’ उलट्या किंवा उपास केले जातात. तिसरा ‘बिंज ईटिंग’, ज्यात ताबा सुटून खाणं आहे, पण असं नियमाने भरून काढणं नाही. बुलिमियाला नाव मिळालं १९७९ मध्ये. बिंज ईटिंगला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या पुस्तकात स्वतंत्र आजाराची जागा मिळाली २०१३ मध्ये. हे सनावळीचे आकडे लक्षात असू द्या. ज्याला नाव नाही, त्याच्यावर उपचार कुठून होणार?

आता मागे जाऊ. इटलीतल्या सिएना गावची संत कॅथरीन. जन्म १३४७, मृत्यू १३८० मध्ये रोम इथे, वय ३३. तिने हळूहळू अन्न जवळजवळ सोडून दिलं होतं. तिला ‘खा’ म्हणून सांगणारे लोक तेव्हाही होते, धर्मगुरूंमध्येही होते. ती म्हणे, जमत नाही. १९८५ मध्ये रुडॉल्फ बेल या अमेरिकन इतिहासकाराने इटलीतल्या २६१ धार्मिक स्त्रियांची चरित्रं तपासून एक पुस्तक लिहिलं आणि त्याला नाव दिलं ‘होली ॲनोरेक्सिया’, म्हणजे पवित्र ॲनोरेक्सिया. त्याचं म्हणणं असं की या स्त्रियांपैकी पुष्कळजणी आजच्या मुलींसारख्याच स्वतःवर ताबा मिळवू पाहत होत्या. दोनच वर्षांनी कॅरोलाइन वॉकर बायनम या विदुषीने वेगळी बाजू मांडली. तिचं म्हणणं, या स्त्रियांच्या उपवासाला त्यांच्या धर्मात एक पूर्ण अर्थ होता. अन्न, येशूचं शरीर, गरिबांना वाढणं, हे सगळं एकाच भाषेत गुंफलेलं होतं. त्यावर आजचं निदान चिकटवलं की त्या स्त्रिया आपल्याला दिसायच्याच थांबतात.

हा वाद आपल्याला परका वाटू नये. एकादशी, चातुर्मास, सोमवार, चतुर्थी हे सगळं आपल्या घरात आहे. उपवास म्हणजे आजार, असं कुणी म्हटलं तर आपण हसू. पण आपल्या भाषेतच एक मोजमाप दडलेलं आहे, ते बघा. उपवासाला पारणं असतं. द्वादशी उजाडते आणि उपवास सोडायचा असतो; नुसती परवानगी नाही, सोडणं हा व्रताचाच भाग आहे. ज्या उपवासाला पारणंच नाही, जो सोडायची वेळ आली की भीतीने अंग कापतं, तो आता व्रत राहिलेला नाही. पोथी तीच असेल, कारण तेच सांगितलं जात असेल, पण आतली गोष्ट बदललेली आहे. हे मोजमाप आजच्या व्याख्यानात सोबत ठेवू.

वैद्यकाच्या इतिहासात पहिली नीट नोंद सापडते ती १६८९ मध्ये. रिचर्ड मॉर्टन हा लंडनचा डॉक्टर क्षयावर ग्रंथ लिहीत होता. त्या काळी माणूस झिजत गेला की क्षय, हे ठरलेलं. पण मॉर्टनला दोन रोगी असे भेटले की ताप नाही, खोकला नाही, आणि तरी शरीर झिजत चाललंय. एक अठरा वर्षांची मुलगी, रात्रंदिवस पुस्तकात डोकं घालून बसणारी. तिने थोडे दिवस औषध घेतलं, मग नको म्हणाली, आणि काही महिन्यांत गेली. दुसरा सोळा वर्षांचा, एका धर्मोपदेशकाचा मुलगा. त्याला मॉर्टनने सांगितलं, अभ्यास बाजूला ठेव, खेड्यातल्या हवेला जा, घोड्यावर बस, दूध घे. तो बराच सुधारला. आम्हाला यातली मोलाची गोष्ट वाटते ती ही की पहिल्याच दोन नोंदींत एक मुलगी होती आणि एक मुलगा. त्या मुलाचं पुढे काय झालं, म्हणजे इतिहासाच्या नजरेतून तो कसा नाहीसा झाला, ते पुढे येईलच.

आता १८६९ कडे. ही गोष्ट वेल्समधली, कार्मार्थनशर परगण्यातल्या एका शेतावरची. सेरा जेकब नावाची बारा वर्षांची मुलगी. दोन वर्षांहून अधिक काळ तिने काही खाल्लेलंच नाही, असं तिचे आईवडील सांगत. लांबून लोक तिला बघायला येत, नाणी ठेवून जात. गावच्या पाद्र्याने वर्तमानपत्रात पत्र लिहिलं की हा चमत्कार आहे, शास्त्रज्ञांनी येऊन पाहावा. शेवटी लंडनच्या गायज हॉस्पिटलमधून चार परिचारिका पाठवल्या गेल्या. काम काय? पहारा. मुलीला कुणी चोरून भरवतंय का, एवढंच पाहायचं. तिने मागितलं तर द्यायचं. आपण होऊन भरवायचं नाही. ९ डिसेंबरला पहारा बसला. मुलीने काही मागितलं नाही. ती रोज खालावत गेली. आईवडिलांनीही पहारा उठवायला नकार दिला. १७ डिसेंबरला ती गेली. पुढच्या वर्षी मनुष्यवधाच्या आरोपाखाली बापाला बारा महिने सक्तमजुरीची आणि आईला सहा महिन्यांची शिक्षा झाली. डॉक्टरांवर खटला उभा राहिला नाही.

इथे जरा थांबू. या खोलीत कोण कोण होतं? आईवडील होते, देशातल्या नामवंत रुग्णालयाच्या परिचारिका होत्या, येऊन जाऊन डॉक्टर होते. सगळे बघत होते. प्रत्येकाला एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं: ही संत आहे की लबाड? ‘ही आजारी आहे का?’ हा प्रश्न कुणाच्याच हातात नव्हता. नऊ दिवस चोवीस तास नजरेखाली असलेली मुलगी उपचारांविना गेली. आमचं आजचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर ते असं आहे: उपचार आजाराला मिळत नाहीत, आपल्या डोळ्यांपुढे आजाराचं जे चित्र असतं, त्या चित्राला मिळतात. जो त्या चित्रात बसत नाही, तो समोर असूनही दिसत नाही.

चारच वर्षांत, १८७३ मध्ये, हा प्रश्न दोघांनी वेगळ्या तऱ्हेने विचारला. पॅरिसमध्ये शार्ल लासेग आणि लंडनमध्ये विल्यम गल. गल त्याच गायज रुग्णालयाशी आयुष्यभर जोडलेला. व्हिक्टोरिया राणीच्या मुलाला विषमज्वरातून बरं केल्यामुळे त्याचा तेव्हा मोठा दबदबा होता. ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव त्याने दिलं. त्याचे उपचार अगदी सरळ होते. ऊब, विश्रांती, आणि ठरलेल्या वेळी थोडं थोडं अन्न, रोग्याची मर्जी न विचारता. त्याच्या लेखासोबत रोगी मुलींची उपचाराआधीची आणि नंतरची चित्रं छापलेली आहेत. ती पाहिली की माणूस बरा होऊ शकतो, यावर विश्वास बसतो.

लासेगने दुसरी बाजू पाहिली. त्याने घराकडे लक्ष दिलं. घरचे आधी मनधरणी करतात, ताटात आवडीचे पदार्थ येतात, ‘आमच्यासाठी एक घास’ म्हणतात. मग धाक घालतात. दोन्हीचा परिणाम एकच होतो, नकार आणखी घट्ट होतो, आणि हळूहळू घरात दुसऱ्या विषयावर बोलणंच उरत नाही. दीडशे वर्षांपूर्वीचं हे वर्णन आजच्या पुण्यातल्या किंवा शिकागोतल्या मराठी घरालाही तंतोतंत लागू पडेल.

पण गलच्या लेखातला एक बारकावा पुढे लोक विसरले. लासेगने या आजाराला ‘हिस्टेरिया’शी जोडलं होतं, आणि हिस्टेरिया म्हणजे बाईचा आजार अशी तेव्हाची समजूत. गलने ‘नर्व्होसा’ हा शब्द पसंत केला, आणि कारण दिलं की हा आजार पुरुषांतही दिसतो. त्याने तरुण मुलगे पाहिले होते. म्हणजे नाव ठेवतानाच मुलग्यांसाठी दार उघडं ठेवलेलं होतं. पुढच्या शंभर वर्षांत ते लोटलं गेलं.

गलचं आणखी एक मत होतं, आणि त्याचे परिणाम फार लांबपर्यंत गेले. रोग्याची शुश्रूषा करायला नातेवाईक सर्वांत वाईट, असं त्याला वाटे. पॅरिसला शार्कोने तर मुलीला घरापासून तोडून एकांतात ठेवणं हाच मुख्य उपचार केला. इथून आईबापांवर, विशेषतः आईवर, जो आरोप बसला, तो जवळजवळ शंभर वर्षं उतरला नाही.

मधल्या काळाचं थोडक्यात सांगतो आणि पुढे जातो. १९१४ मध्ये हॅम्बुर्गच्या मॉरिस सिमंड्स यांना एका झिजून मेलेल्या बाईच्या मेंदूतली पियुषिका ग्रंथी नष्ट झालेली आढळली. झालं! पुढची वीसेक वर्षं पुष्कळ उपाशी मुली ग्रंथीच्या रोगी ठरल्या आणि त्यांना ग्रंथींचे अर्क दिले गेले. १९३० च्या दशकाच्या अखेरीस दोन्ही आजार पुन्हा वेगळे झाले. चित्र बदललं की उपचार कसे बदलतात, त्याचा हा नमुना.

आता आम्हाला ज्या प्रसंगाचं सर्वांत जास्त महत्त्व वाटतं, तिथे येऊ. या प्रसंगात आहारविकाराचा एकही रोगी नाही. १९४४ साल. दुसरं महायुद्ध चालू आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाला अभ्यासायचं होतं की युद्धाने उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा नीट अन्नावर कसं आणायचं. त्याने ३६ तरुण निवडले. युद्धात शस्त्र धरायला तत्त्वासाठी नकार दिलेले, शरीराने आणि मनाने धडधाकट. त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन सुमारे पाव हिश्शाने उतरलं. ते अपेक्षितच होतं. मनाचं जे झालं, ते अपेक्षित नव्हतं.

ही माणसं रात्रंदिवस अन्नाचा विचार करू लागली. ज्यांनी कधी चूल पेटवली नव्हती, ते पाककृतींची पुस्तकं वाचू लागले. जेवण तासन्‌तास लांबवू लागले. चिडचिडे झाले, एकलकोंडे झाले, मित्र नकोसे झाले, मन कशात लागेना. पुन्हा भरपूर खायला मिळाल्यावर काही जणांचा ताबा सुटला. आपण ज्याला ‘त्या मुलीचा विचित्र स्वभाव’ म्हणतो, त्यातलं कितीतरी त्या धडधाकट तरुणांमध्ये आलं. ते स्वभावातून आलं नव्हतं, भुकेतून आलं होतं.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही इच्छास्वातंत्र्य शिकवत असू. माणूस स्वतःहून निवडतो, म्हणून तो जबाबदार. या प्रयोगाने त्यात एक अवघड पायरी घातली. जी मुलगी ‘मला नकोय’ म्हणते, तिची इच्छा आपण मानायची की नाही? इच्छा मानायची, हे खरंच. पण उपाशी मेंदूची इच्छा ही त्या मुलीची इच्छा आहे की उपासमारीची? उपासमारीनेच ‘नको’ची भिंत जाड केली असेल, तर ‘तिला मनापासून बरं व्हायचं असेल तेव्हा बघू’ असं म्हणून वाट पाहणं हे तिच्या स्वातंत्र्याचा मान राखणं नव्हे. वेल्सच्या त्या खोलीतही हेच झालं होतं: मागितलं तर द्या. आधी शरीराला अन्न, मग त्या माणसाशी संवाद. हा क्रम गलला अंदाजाने कळला होता, मिनेसोटाने त्यामागचं कारण दाखवलं.

आता मोजणीचा इतिहास. १९७० च्या दशकात या विकाराचं एक नवं चित्र पक्कं झालं. जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या हिल्डा ब्रुख या डॉक्टरांनी १९७८ मध्ये ‘द गोल्डन केज’, सोन्याचा पिंजरा, हे पुस्तक लिहिलं. सुखवस्तू घरातली, हुशार, आज्ञाधारक, हाडकुळी मुलगी. ब्रुख यांनी या मुलींचं ऐकून घेतलं, त्यांच्याबद्दल कळकळीने लिहिलं. त्याच सुमारास, १९७६ मध्ये, लंडनच्या आर्थर क्रिस्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळाशाळांतून मोजणी केली. खाजगी शाळांत सोळा आणि त्यावरच्या वयाच्या साधारण शंभर मुलींमागे एक गंभीर रोगी मिळाली. सरकारी शाळांत फार कमी. मोजणी कष्टाची होती. पण ती बसली मुलींच्या शाळांत, आणि शोध होता तो ठरलेल्या चित्राचा. ४ फेब्रुवारी १९८३ रोजी अमेरिकन गायिका कॅरेन कारपेंटर बत्तिसाव्या वर्षी गेली, तेव्हा सामान्य वाचकालाही हे चित्र पाठ झालं. गोरी, श्रीमंत, बारीक, तरुण, मुलगी.

आणि नेमकं त्याच वेळी चित्राबाहेरची गर्दी दिसू लागली. १९७९ मध्ये जेरल्ड रसेल यांनी लंडनमध्ये तीस रुग्णांवरून बुलिमियाचं वर्णन केलं. हे रुग्ण बहुधा अंगाने सर्वसाधारण दिसत. मग ऑक्सफर्डच्या क्रिस्टोफर फेअरबर्न आणि पीटर कूपर यांनी एक साधी युक्ती केली. बायकांच्या एका खपाच्या मासिकात निवेदन दिलं: असा त्रास असेल तर कळवा. पत्रांचा ढीग लागला. निकषात नीट बसणाऱ्या जवळपास पाचशे बायका निघाल्या. १९८२ मध्ये निष्कर्ष छापला गेला. निम्म्याहून अधिक जणींना वाटत होतं की आपल्याला डॉक्टरची गरज आहे. प्रत्यक्ष उपचार घेत होत्या शंभरात तीनहूनही कमी. हा आहे आपल्या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला ठोकळ आकडा. आजार काल जन्मलेला नव्हता. विचारलं कुणी नव्हतं.

त्यानंतरचे आकडे थोडक्यात देतो, कारण तुम्ही ते लिहून घ्याल हे आम्हाला माहीत आहे. २००३ मध्ये डच संशोधक हूक आणि त्यांच्या सहकाऱ्याने आढावा घेतला: काटेकोर निकषांत बसणाऱ्या ॲनोरेक्सियाच्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश मानसोपचारांपर्यंत पोचतात, बुलिमियाच्या रुग्णांपैकी सुमारे ६ टक्के. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातून निरनिराळ्या अभ्यासांचा एकत्र हिशेब आला: समाजात सापडलेल्या रुग्णांपैकी साधारण २३ टक्क्यांनी खाण्याच्या त्रासासाठी उपचार मागितले होते. त्याच वर्षी अमेरिकेतल्या १३ ते १८ वयाच्या १०,१२३ मुलामुलींची पाहणी छापली गेली. आयुष्यात कधी ना कधी ॲनोरेक्सिया झालेले ०.३ टक्के, बुलिमिया ०.९, बिंज ईटिंग १.६. या पाहणीतली खरी खोच वेगळी आहे. यातली बहुसंख्य मुलं कुठल्या ना कुठल्या मदतीसाठी कुणाकडे तरी गेली होती. झोपेसाठी, चिंतेसाठी, शाळेतल्या अडचणीसाठी. पण खाण्याच्या विकारावर म्हणून उपचार मिळाले ते थोड्यांनाच. मुलं दारापर्यंत आली होती, मंडळी. विचारलं गेलं नाही. आणि या पाहणीत ॲनोरेक्सियाचं प्रमाण मुलग्यांत आणि मुलींत सारखंच निघालं. मॉर्टनचा तो सोळा वर्षांचा मुलगा सव्वातीनशे वर्षांनी परत आला तो असा.

चित्राबाहेर राहिले ते केवळ मुलगेच नव्हेत. १९९३ मध्ये हाँगकाँगच्या सिंग ली यांनी ७० रुग्णांचा अभ्यास छापला. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांना जाड होण्याची भीती वाटतच नव्हती. पोट फुगतं, भूक नाही, जेवावंसं वाटत नाही, असं ते सांगत. पाश्चात्त्य निकष मात्र त्या भीतीवर उभे. आपल्याकडे १९९५ मध्ये दिल्लीच्या डॉक्टरांनी पाच तरुणींची हकिकत छापली. अन्नाला नकार, सतत उलट्या, वजन उतरलेलं, पाळी थांबलेली. पण स्वतःच्या शरीराबद्दलची ती ठरावीक चुकीची कल्पना नाही. निदानावर खल झाला, शेवटी आहारविकार म्हणूनच उपचार केले गेले. अशा किती मुली आपल्या गावात पोटाच्या डॉक्टरकडे, मग बाहेरची बाधा उतरवणाऱ्याकडे, मग ‘लग्न झालं की खाईल’ या आशेवर राहिल्या असतील, त्याचा विचार करा.

उलट चूकही होते. १९८९ मध्ये मायकेल किंग आणि दिनेश भुग्रा यांनी उत्तर भारतातल्या शाळकरी मुलींना इंग्लंडात वापरली जाणारी प्रश्नावली दिली. पुष्कळ मुलींचे गुण धोक्याच्या रेषेवर गेले. नीट पाहिल्यावर कळलं की काही प्रश्नांचा अर्थ मुलींनी आपल्या रीतीभातीतून, उपासतापासातून लावला होता. म्हणजे परकी पट्टी लावली तर निरोगी मुलगी आजारी दिसते आणि आजारी मुलगी निरोगी. म्हणून ते पारण्याचं मोजमाप आम्हाला महत्त्वाचं वाटतं. उपास करते का, हे विचारून भागत नाही. उपास सोडता येतो का, हे पाहावं लागतं.

आता आशेची बाजू, आणि ती खरीखुरी आहे. आईबापांवरचा तो जुना आरोप आठवतो ना? १९८७ मध्ये लंडनच्या मॉड्स्ले रुग्णालयातून रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८० रुग्णांची तुलना छापली. रुग्णालयात वजन सावरल्यावर काहींना एकट्याने बोलण्याचे उपचार, काहींना कुटुंबासह. ज्यांचा आजार वयाच्या एकोणीसच्या आत सुरू झाला होता आणि फार जुना नव्हता, ती मुलं कुटुंबासह उपचारांत स्पष्टपणे जास्त सुधारली. पुढे यातूनच घरच्या घरी, आईवडिलांनी पुढाकार घेऊन मुलाला जेवू घालण्याची शिस्तशीर पद्धत तयार झाली. कारण कुणाचं, हे शोधत बसायचं नाही. आजार आणि मूल वेगळे धरायचे. ताट वाढायचं, शेजारी बसायचं, चिडायचं नाही, सोडायचंही नाही. मूल सावरलं की सूत्रं हळूहळू त्याच्या हाती द्यायची. गलने ज्यांना सर्वांत वाईट शुश्रूषक म्हटलं होतं, त्यांनाच शंभर वर्षांनी उपचारांच्या मध्यभागी बसवलं गेलं. यात डॉक्टर सोबत हवाच, कारण फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम अन्न देणंही धोक्याचं असतं.

इंग्लंडने यापुढची एक गोष्ट केली. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने लहान आणि तरुण रुग्णांसाठी मुदत ठरवली: तातडीचा रुग्ण असेल तर एका आठवड्यात, एरवी चार आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत, शंभरातल्या ९५ जणांचे तरी. मग कोविड आला. २०२१ मध्ये एप्रिल ते डिसेंबर या नऊ महिन्यांत तिथे जवळजवळ दहा हजार मुलांचे उपचार सुरू झाले, कोविडपूर्व काळापेक्षा सुमारे दोन तृतीयांशाने जास्त. रांगा वाढल्या, मुदती पाळणं कठीण झालं. तरी आम्ही म्हणू की मुदत ठरवल्यामुळे निदान ती चुकली हे कळतं. जिथे मुदतच नाही, तिथे चुकलेलं कुणाच्या वहीत येत नाही.

वेळ संपत आली. श्रोत्यांतून एक चिठ्ठी आली आहे, ती वाचतो. ‘आमची मुलगी नीट जेवत नाही, पण इतकी काही बारीक दिसत नाही. काळजी करावी का?’ चिठ्ठीवर नाव नाही, ते बरंच झालं. पहिली गोष्ट, दिसण्यावर जाऊ नका. आज आपण तासभर जे पाहिलं, ते दिसण्यावर गेल्याचेच परिणाम आहेत. दुसरी गोष्ट, एकत्र जेवण टाळणं, अन्नाचे नवनवे नियम, जेवणानंतर लगेच नाहीसं होणं, पाळी बंद पडणं, चक्कर येणं, थंडी वाजणं, चिडचिड, मैत्रिणी तुटणं, यांतलं काही दिसत असेल तर तिच्या होकाराची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. आणि ‘पित्त असेल’ म्हणून परत पाठवलं, तर ‘आहारविकार असू शकतो का?’ हे शब्द तुम्ही उच्चारा. तिसरी, शरीराची तपासणी आणि मनाची, दोन्ही करा. कुणाशी बोलायचं ते सुचत नसेल तर सरकारची ‘टेलिमानस’ सेवा आहे, क्रमांक १४४१६. तिथे मराठीतही बोलता येतं. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, असं काही असेल तर फोन नको, सरळ रुग्णालय गाठा. आणि चौथी, मुलगा असेल तरी हेच सगळं.

किती तरुणांना उपचार मिळतात, या प्रश्नाचं उत्तर आपण पाहिलं: जिथे मोजलं गेलं तिथे थोड्यांना, आणि त्यांतही चित्रात बसणाऱ्यांना आधी. हा आकडा वाढवण्याचं निम्मं काम रुग्णालयांचं आणि सरकारचं आहे. उरलेलं निम्मं जेवणाच्या वेळी समोर बसलेल्या माणसाचं आहे. पुढच्या व्याख्यानात आपण झोप या विषयाकडे वळू.